उशिरा हललेला पाळणा

(शास्त्रभाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १, वचने ५ ते २५ व ३९ ते ६६, उत्पत्ती, अध्याय २१, वचने १ ते २१)



ज्या घरात थोरली मुलगी दहावीच्या पुस्तकांत मान घालून बसली आहे, ज्या घरातील मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटू लागले आहे, आणि ज्या घरातील पाळण्याच्या दोऱ्या केव्हाच सोडून त्यांची गुरांसाठी दावी झाली आहेत, अशा घरातील बेचाळीस वर्षांच्या आईस पुन्हा दिवस गेले, तर गाव काय म्हणतो हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. नळावर बायका एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावतात. पारावरचे पुरुष नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून नको ते बोलतात. मुलास शाळेत सोबती चिडवितात. आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीत काय होते? मंडळीत कोणी मोठ्याने हसत नाही. आपण हळू हसतो, एवढाच काय तो भेद.

ह्या विषयावर उपासनेत सहसा कोणी उपदेश करीत नाही. सेमिनरीत असता आम्हांस पुष्कळ विषय शिकविण्यात आले, परंतु हा शिकविण्यात आला नाही. आणि वीस वर्षांच्या पाळकपणात आम्हीही तो कधी हाती घेतला नाही. आज घेत आहोत, ह्याचे कारण असे की, ही गोष्ट आमच्याच घरी घडली आहे. हे लिहीत असता आमच्या पत्नीस सातवा महिना चालू आहे. जे पुढे लिहिले आहे ते तिला व आमच्या थोरल्या मुलीस वाचून दाखविले आहे, आणि त्या दोघींच्या संमतीनेच छापावयास दिले आहे. नाताळ जवळ आला आहे, आणि ह्याच दिवसांत जखऱ्या व अलीशिबा ह्यांची कथा आपण मंडळीत वाचतो. तेव्हा त्या कथेच्या प्रकाशात आपण आपले घर तपासू या.

पहिली गोष्ट : तोंड लपविणारी आई आणि मुका झालेला बाप

आमच्या पत्नीस प्रथम वाटले की, तिची पाळी आता कायमची बंद होण्याचे दिवस आले. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ स्त्रियांची अशीच समजूत होते, आणि म्हणून त्यांस खरे कारण उशिरा कळते. ऑगस्ट महिन्यात आशाताईंनी तिला आरोग्य केंद्रात नेले, तेव्हा तिसरा महिना भरत आला होता. ती घरी येऊन उंबरठ्यावर बसून राहिली. आम्ही संध्याकाळी भेटी आटोपून आलो. तिने आम्हांस ते सांगितले. बंधूंनो, त्या वेळी आमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघाले ते आम्ही लपविणार नाही. आम्ही म्हणालो, "आता मंडळीला काय सांगायचे?" तिची प्रकृती कशी आहे हे आम्ही विचारले नाही. प्रार्थना करू या, असेही म्हणालो नाही. लेकरे ही परमेश्वराची देणगी आहेत, असे दुसऱ्यांच्या घरी बारशाच्या वेळी आम्ही किती वेळा सांगितले असेल ह्याची गणती नाही. परंतु स्वतःच्या घरी आम्हांस लोकांचे तोंड आधी दिसले. दिव्याखाली अंधार तो हाच.

त्यानंतर ती स्त्रियांच्या सभेस जाईनाशी झाली. उपासनेत ती मागच्या भिंतीशी बसे व पदर अंगभर लपेटून घेई. ऑक्टोबर महिना संपेपर्यंत हे असेच चालले.

आता लूकाची कथा पाहा. अलीशिबेस दिवस गेले, तेव्हा तीही पाच महिने एकांतात राहिली. तिने असे का केले हे शास्त्र सांगत नाही. म्हणून आम्हीही ठामपणे सांगत नाही. परंतु एवढे स्पष्ट आहे की, लोकांमध्ये तिची जी अप्रतिष्ठा झाली होती ती दूर करण्यास प्रभूने तिजवर दृष्टी केली, असे ती म्हणाली. म्हणजे तिच्या मनावर लोकांच्या बोलण्याचे ओझे वर्षानुवर्षे होते. तिचा पती याजक होता. अब्राहाम व सारा ह्यांची कथा त्याला माहीत नव्हती असे कोण म्हणेल? तथापि तीच कृपा त्याच्या स्वतःच्या दारी आली, तेव्हा त्याने शंका काढली, आणि मूल जन्मून त्याचे नाव ठेवीपर्यंत त्याची वाचा बंद राहिली. आम्ही ही कथा अनेकदा शिकविली. परंतु शास्त्र जाणणारा मनुष्यच आपल्या घरातील कृपेपुढे मुका होऊ शकतो, हे आम्हांस ह्या वर्षी प्रथमच समजले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अलीशिबेस लाज वाटली ती मूल नव्हते म्हणून. आमच्या पत्नीस वाटली ती मूल होणार म्हणून. एकीस वांझ म्हणून टोचणारी आणि दुसरीस ह्या वयात हे काय म्हणून टोचणारी जीभ एकच आहे. मूल उशिरा झाले तरी ती बोलते, लवकर झाले तरी बोलते, मुली झाल्या तरी बोलते, मुळीच झाले नाही तरी बोलते. ह्यावरून उघड होते की, लाज त्या स्त्रीच्या उदरात नसून लोकांच्या जिभेत आहे. पवित्र विवाहात गर्भ राहिला, ह्यात पाप नाही. मग ज्यात पाप नाही त्याची लाज कसली? ज्याने लाज धरावयाची तो हसणारा होय, आणि त्या संध्याकाळी तसे वाक्य बोलणारे आम्ही होय.

दुसरी गोष्ट : घरातील थोरले लेकरू

परंतु आईबापांच्या लाजेपेक्षाही अधिक कठीण गोष्ट पुढे होती. आमची मुलगी दहावीत आहे, मुलगा आठवीत. मुलाने बातमी ऐकून दोन दिवस मौन धरले व मग चेंडूफळी खेळावयास निघून गेला. मुलीने मात्र आईशी बोलणे टाकले. ताट वाढले तर जेवे, काम सांगितले तर करी, पण तोंडातून शब्द नाही. असे तीन आठवडे गेले. आम्हांस वाटले की, मैत्रिणींपुढे तिला लाज वाटत असावी. आम्ही तिला पुढ्यात बसवून आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर चांगला लांब उपदेश केला. तिने तो ऐकून घेतला आणि शेवटी एवढेच विचारले, "बाबा, बाळ फेब्रुवारीत येणार. माझी परीक्षा त्याच्या मागोमाग. मग माझी शाळा सुटणार ना?"

आम्ही निरुत्तर झालो. ते लाजेचे मौन नव्हते; ते भयाचे होते. तिने आपल्या अवतीभोवती पाहिले होते. आपल्या खेड्यांत धाकटे मूल जन्मले की थोरल्या मुलीची कंबर हाच त्याचा पाळणा होतो. आई शेतात जाते, बाप मजुरीस जातो, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कडेवर मूल घेऊन चुलीपाशी उभी राहते. प्रथम आठ दिवसांची रजा, मग महिन्याची, मग दप्तर खुंटीवर टांगले ते टांगलेच. पुढे वर्षा-दोन वर्षांत तिचे लग्न उरकले जाते. कोणी तिला शाळा सोड असे म्हटलेले नसते. परंतु कोणी सोडू नको असेही म्हटलेले नसते. आमच्या लेकीने हेच ओळखले होते, आणि आम्ही तिला आज्ञाधारकपणावर उपदेश करीत बसलो होतो.

त्या रात्री आम्ही उत्पत्तीचा एकविसावा अध्याय पुन्हा उघडला. इसहाकाचा जन्म झाला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता, आणि इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. म्हणजे साराच्या मांडीवर बाळ आले त्या दिवशी त्याच घरात चौदा वर्षांचा एक मुलगा उभा होता. आपण साराच्या हसण्याविषयी उपदेश करतो, इसहाक ह्या नावाचा अर्थ सांगतो. परंतु त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मुखाकडे कोण पाहतो? बाळाचे दूध तुटले तेव्हा अब्राहामाने मोठी मेजवानी केली. त्या मेजवानीत थोरला मुलगा खिदळताना साराला दिसला, आणि शेवटी तो व त्याची आई भाकर व पाण्याची मसक घेऊन रानात गेली. ह्या कथेत देवाच्या मोठ्या संकल्पाचा भाग आहे, आणि अब्राहामाचा न्याय करावयास आम्ही बसलो नाही. परंतु रानात काय झाले ते पाहा. पाणी संपले, आई दूर जाऊन रडत बसली, तेव्हा देवाने त्या मुलाचा शब्द ऐकला, असे शास्त्र सांगते. इश्माएल ह्या नावाचा अर्थच देव ऐकतो असा आहे. घरात मेजवानीच्या गलबल्यात ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याचे देवाने रानात ऐकले. आणि पुढे पंचविसाव्या अध्यायात पाहा : अब्राहाम मरण पावला तेव्हा मकपेलाच्या गुहेत त्यास पुरावयास इसहाक आणि इश्माएल हे दोघेही होते. पुष्कळ वर्षांनंतर ते दोघे भाऊ बापाच्या कबरेपाशी एकत्र आले.

तेव्हा, आईबापांनो, नव्या बाळाच्या वार्तेने थोरले लेकरू रुसले, खिदळले, अथवा गप्प झाले, तर त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याचे ऐका. देव ऐकतो, मग आपण का ऐकू नये?

कोणी म्हणेल, थोरल्या बहिणीने धाकट्यास सांभाळणे हे शास्त्राप्रमाणेच नाही काय? मिर्यामेने मोशेस सांभाळले नाही काय? होय, सांभाळले. परंतु कसे ते पाहा. ती नदीच्या काठी दूर उभी राहून पेटाऱ्यावर नजर ठेवीत होती. फारोची कन्या आली तेव्हा तिने चतुराईने गोष्ट काढली, आणि आईस बोलावून आणून बाळ पुन्हा आईच्याच हाती दिले. बहीण ती बहीणच राहिली. तिला आईच्या जागी कोणी बसविले नाही. बहिणीने घटकाभर पाळणा हलवावा, भावाने पाण्याची कळशी आणावी. ह्यात त्यांचे हितच आहे. परंतु त्यांचे शिक्षण मोडून धाकट्याचे संगोपन करणे म्हणजे एका लेकराचा वाटा काढून दुसऱ्यास देणे होय. आपल्या पित्याच्या घरी असा व्यवहार नाही. तेथे थोरल्याची भाकर तोडून धाकट्याची मेजवानी होत नाही.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सुझाना वेस्ली ह्या बाईंचे नाव पुष्कळांनी ऐकले आहे. जॉन व चार्ल्स वेस्ली ह्यांच्या त्या आई. त्यांचा जन्म १६६९ सालचा. इंग्लंडात एपवर्थ गावी त्यांचे पती पाळक होते. फेब्रुवारी १७०९ मध्ये रात्री त्यांच्या घरास आग लागली, तेव्हा बाई चाळीस वर्षांच्या असून त्यांचे दिवस भरत आले होते. त्या आगीतून त्या वाचल्या; पाच वर्षांचा जॉन खिडकीतून बाहेर काढला गेला; आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे शेवटचे अपत्य, केझिया, जन्मास आले. त्या वेळी थोरली मुलगी एमिली सोळा-सतरा वर्षांची होती, आणि तिच्या पाठच्या बहिणीही मोठ्या होत होत्या. घर जळालेले, हाती पैसा नाही, कडेवर तान्हे मूल. अशा बाईने थोरल्या मुलांस कसे वागविले? १७१२ साली पतीस लिहिलेल्या पत्रात त्या सांगतात की, आठवड्यातील एकेक संध्याकाळ त्यांनी एकेका मुलासाठी राखून ठेविली होती. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवार थोरल्या दोघी मुलींचा, एमिली व सुकी ह्यांचा. त्या वेळी त्या मुलाशी त्या एकट्याच बसून त्याच्या मनातील गोष्टी बोलत. खर्च काही नाही, केवळ लक्ष. जी गोष्ट जळक्या घराच्या मालकिणीस साधली ती आपणांस का साधू नये? आमच्या घरी आता बुधवारची संध्याकाळ मुलीची व शुक्रवारची मुलाची आहे. मुलगा पहिल्या शुक्रवारी केवळ चेंडूफळीविषयीच बोलला. आम्ही तेवढे ऐकले. तिसऱ्या शुक्रवारी त्याने हळूच विचारले, "आई मरणार नाही ना?"

तिसरी गोष्ट : विश्वास आणि सावधगिरी

मुलाचा हा प्रश्न पोरकट नव्हता. सुझानाबाईंनी एकोणीस अपत्यांस जन्म दिला, त्यांपैकी केवळ दहा जगली. आणि पवित्र शास्त्र तरी काय सांगते? राहेल ही बन्यामिनाच्या वेळी एफ्राथाच्या वाटेवर, प्रवासात, कठीण वेणा येऊन मरण पावली. सुईणीने तिला धीर दिला, परंतु धीराने रक्त थांबत नाही. याकोबाने वाटेवरच तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. देवाने निवडलेल्या घरातही बाळंतपण कठीण होऊ शकते, हे शास्त्राने लपविलेले नाही. म्हणून प्रार्थना केली, आता दवाखान्याची गरज नाही, असे जो म्हणतो तो विश्वास दाखवीत नाही, तो परमेश्वराची परीक्षा पाहतो.

पस्तिशी उलटल्यावर गरोदरपणात रक्तदाब वाढणे, मधुमेह जडणे, गर्भपात होणे, पोट चिरून बाळ काढावे लागणे, ह्यांचा संभव तरुण वयापेक्षा अधिक असतो. ज्या आईची बाळंतपणे पुष्कळ झाली आहेत तिला प्रसूतीनंतर अतिशय रक्त जाण्याचे भय असते. बाळामध्ये डाउन सिंड्रोम नावाची जन्मजात स्थिती आढळण्याचे प्रमाण आईच्या ३५व्या वर्षी सुमारे ३५० जन्मांत १, तर ४०व्या वर्षी सुमारे १०० जन्मांत १ असे आहे. ह्याचा अर्थ घाबरून जावे असा नाही. शंभरांपैकी नव्व्याण्णव बाळांस ती स्थिती नसते. आणि ज्या बाळास ती असेल तेही त्याच प्रभूच्या हातचे आहे, व त्यास मांडीवर घेण्यास मंडळीने पुढे व्हावे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. दिवस गेले असे वाटताच, पहिल्या तीन महिन्यांच्या आत आशाताई अथवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. लाजेने आमच्या घरी हे उशिरा झाले. तुमच्या घरी न होवो. वय सांगण्यास संकोच करू नये. निदान चार वेळा तपासणी करावी. रक्तदाब, रक्तातील लोह, साखर, लघवी व रक्तगट पाहून घ्यावा. गरोदर स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११च्या खाली असल्यास तो पंडुरोग समजतात, आणि ७च्या खाली गेल्यास तो जिवावरचा असतो. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर तितकेच दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊ नये. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापुढील गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. जोखीम असल्यास कार्डावर लाल खूण लावतात. ती लाजेची खूण नव्हे, ती राखणीची खूण होय. सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व जाण्यायेण्याची गाडी ही २०११ सालापासून विनामूल्य आहेत. फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडास व हातांस सूज, रक्त जाणे, पाणी जाणे, झटके येणे, अथवा बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ह्या वयात घरी प्रसूती करू नये. राहेलीच्या वाटेवर गाडी नव्हती. आपल्या वाटेवर आहे.

आणि ज्या दांपत्यास आता पुरे असे वाटते त्यांनी भार पत्नीवरच न टाकता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते, हे पतींनी जाणावे.

चौथी गोष्ट : घाईने निघालेली मरीया

अलीशिबेच्या सहाव्या महिन्यात मरीया डोंगराळ प्रदेशातील त्या गावी लगबगीने गेली, आणि सुमारे तीन महिने तिजजवळ राहिली. एक वयस्कर गरोदर स्त्री व एक तरुण मुलगी एका छपराखाली आल्या. मुलीने सलाम करताच त्या वडील स्त्रीने काय केले? आपल्या दुखण्याची अथवा आपल्या नवलाची गोष्ट तिने आधी काढली नाही. तिने त्या मुलीस धन्य म्हटले. आपल्या उदरात चमत्कार असता तिने आधी दुसरीवरील कृपा ओळखली.

आमच्या घरी हे उलटे घडले. तेथे वयस्कर स्त्रीच आमच्या दारी आली. नोव्हेंबरच्या आरंभी मंडळीतील एक सत्तरीच्या विधवा बाई, जिने एके काळी गावोगाव फिरून बायकांस शास्त्र वाचून दाखविले, ती नाचणीचे पीठ व गुळाची ढेप पदरात घेऊन आली. तिने काही विचारले नाही. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "बाई, माझा धाकला बी असाच झाला व्हता. तवा मी रडले. आज त्योच मला भाकर घालतो." मग आमच्या मुलीकडे वळून म्हणाली, "पोरी, तू पुस्तक सोडू नगं. पोर घ्यायला मी हाय, समदी मंडळी हाय." आम्ही लांब उपदेश करून जे साधू शकलो नाही ते त्या बाईने दोन वाक्यांत साधले. त्या रात्री आमच्या पत्नीने मुलीचे डोके मांडीवर घेऊन तिला सांगितले की, तू माझी पहिली आहेस, आणि तुझी जागा कोणी घेणार नाही. दोघीही पुष्कळ रडल्या. पुढच्या रविवारी आमची पत्नी पुढच्या ओळीत बसली, आणि तिच्या शेजारी मुलगी बसली. मुलीच्या मनातील सर्व शंका गेल्या असे आम्ही म्हणत नाही. ती अधूनमधून आमच्याकडे पाहते. आपण शब्द पाळतो की नाही हे ती पाहते. तिने पाहावे.

त्याच रविवारी आम्ही वेदीपुढे उभे राहून सर्व मंडळीस ही वार्ता सांगितली, आणि आमच्या पहिल्या वाक्याबद्दल पत्नीची क्षमा मागितली. जखऱ्याची वाचा मोकळी झाली तेव्हा त्याच्या तोंडून प्रथम देवाची स्तुती निघाली. आमच्या तोंडून प्रथम कबुली निघाली. स्तुती तिच्या मागून आली.

उपदेशकबंधूंनो, तुमच्या गावी असे घर असेल, तर तेथे विनोद करू नका व दुसऱ्यांस करू देऊ नका. संमती घेऊन तिच्यासाठी मंडळीत प्रार्थना करा. शेवटच्या दोन महिन्यांत पाणी कोण भरील, भाकर कोण नेईल, रात्री गाडी कोण बोलावील, ह्याची नावे आधीच ठरवा. थोरल्या मुलांची शाळा एक दिवसही बुडणार नाही, ह्याची जबाबदारी मंडळीने घ्यावी. बाळास आशीर्वादासाठी पुढे आणाल तेव्हा त्याच्या थोरल्या भावाबहिणींसही पुढे बोलवा आणि त्यांच्या मस्तकांवरही हात ठेवा. अलीशिबेस पुत्र झाला तेव्हा शेजारी व नातलग तिच्याबरोबर आनंदित झाले, असे लूक लिहितो. आपल्या गावच्या शेजाऱ्यांविषयी असे लिहिता येईल काय?

पतींनो, कळशी उचला. आम्ही ह्या वयात धुणे धुवावयास शिकलो. पाळकाच्या अंगरख्यास त्याने डाग पडला नाही. आयांनो, मान वर करा. मुलामुलींनो, तुमच्या मनात भय असेल तर ते बोलून दाखवा. तुमचा स्वर्गीय पिता ऐकतो, आणि आम्हीही ऐकावयास शिकत आहोत.

पाळण्याच्या जुन्या दोऱ्या गोठ्यातून काढून धुऊन ठेविल्या आहेत. फेब्रुवारीत काय होईल ते प्रभू जाणतो. तोवर आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि आम्ही तुमच्या घरांसाठी करू.

हे स्वर्गीय पित्या, जी माता उतरत्या वयात ओझे वाहत आहे तिला बळ दे. तिच्या घरातील थोरल्या लेकरांचे भय दूर कर, आणि त्यांचा वाटा त्यांस राख. आमच्या जिभांस लगाम घाल, आमच्या हातांस काम दे, आणि येणाऱ्या बाळास तुझ्या लोकांमध्ये ऊब मिळू दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.